बिल का आलं नाही

रेजायना, सस्कॅचेवान, कॅनडा

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, ‘ऑपरेशनचं बिल किती झालं?’ असं तुम्ही दर फोनला विचारता. ‘काहीच नाही’ म्हटलं की गप्प होता. फोनवर सगळं सांगता येत नाही, म्हणून हे पत्र.

१९३० नंतर इथे ओळीने दुष्काळ पडले, शेतांतली माती वाऱ्यावर उडाली, गव्हाचे भाव कोसळले. त्या हलाखीतून शेतकरी, कामगार आणि समाजवाद्यांचा सीसीएफ (को-ऑपरेटिव्ह कॉमनवेल्थ फेडरेशन) हा पक्ष उभा राहिला. त्याचा जाहीरनामा १९३३ मध्ये आमच्या याच गावात मंजूर झाला. पण लोक मोठ्या संख्येने त्याच्याकडे वळले ते महायुद्धात. लोक विचारू लागले, काल बेकारांसाठी तिजोरीत दमडी नव्हती, मग आज तोफा-विमानांना पैसा आला कुठून? सरकार भाव बांधून देतं, कारखाने चालवतं, तर मग हे शांततेच्या काळात का नको? बाबा, हा प्रश्न मला आजही अगदी बिनतोड वाटतो.

१९४३ मध्ये ऑन्टारिओ प्रांतात या पक्षाची सत्ता चार जागांनी हुकली. १५ जून १९४४ ला, म्हणजे फ्रान्समध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर दोस्त राष्ट्रांच्या फौजा उतरून जेमतेम नऊ दिवस झाले होते तेव्हा, आमच्या सस्कॅचेवान प्रांतात त्याच्या ५२ पैकी ४७ जागा आल्या. मुख्यमंत्री झाले टॉमी डग्लस, वेबर्नच्या चर्चमधले धर्मोपदेशक. लहानपणी हाडाच्या दुखण्याने त्यांचा पाय कापायची वेळ आली होती. एका सर्जनने विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी म्हणून फुकट ऑपरेशन केलं, म्हणून पाय वाचला. उपचार असे नशिबावर सोडायचे नाहीत, हे त्यांनी तेव्हापासून मनाशी धरलं होतं.

१ जानेवारी १९४७ पासून माणशी वर्षाला ५ डॉलर, कुटुंबाला फार तर ३० डॉलर भरले की इस्पितळाचा खर्च सरकारचा. डॉक्टरांची फी सरकारने भरायला १९६२ उजाडलं. तेव्हा डॉक्टरांनी २३ दिवस संप केला, पण सरकार हटलं नाही. पुढे हीच व्यवस्था देशभर गेली, म्हणून मला बिल नाही.

आणि आई, गुडघ्याचं ऑपरेशन तू खर्चापायी पुढे ढकलते आहेस, हे दादाने मला सांगितलंय. डॉक्टरांची तारीख घे. पैसे मी याच आठवड्यात पाठवते, आणि यावर वाद घालू नकोस.

तुमची,
लेक