भिंत वाजवून बघणाऱ्या मिस्त्रीकाकांना

मिस्त्रीकाका, सप्रेम नमस्कार.

आभार मानलेले तुम्हाला आवडत नाहीत. हिशेब देताना मानले तर तुम्ही सरळ घमेली धुवायला निघून गेलात. म्हणून आता उघडच लिहितेय. आपल्या वाडीत निदान चार घरं सध्या जुन्या गिलाव्यावर नवा चढवायचा घाट घालतायत, त्यांच्याही नजरेस पडू दे.

तुम्हाला बोलावलं तेव्हा माझं सगळं ठरलेलं होतं. बाबांनी 1987 साली हे चिऱ्याचं, म्हणजे जांभ्या दगडाचं घर बांधलं, बाहेरून बारीक खडी फेकलेला खरबरीत गिलावा केला. बाबा ऐटीत त्याला 'रफकास्ट' म्हणायचे. आम्हा पोरांची सोललेली कोपरं त्याला काय म्हणायची, ते लिहीत नाही. त्या खाचाखोचांत शेवाळ धरायचं. मग दहा वर्षांपूर्वी एका रंगाऱ्याने 'थेंब आत येणार नाही' म्हणत वरून जाड रंग चोपडला. पाणी बारीक भेगांतून यायचं ते आलंच, बाहेर सुकून जायचं तेवढं बंद झालं. समुद्राकडच्या भिंतीला आतून लोणा लागला, म्हणजे खार फुटला, कपाटामागे बुरशी आली.

मला त्यावर नवा, सरळ गिलावा हवा होता. एक कंत्राटदार म्हणाला, "खरबरीत आहेच, आयती पकड मिळेल, चार दिवसांत मारून देतो." दुसरा म्हणाला, सगळं चिऱ्यापर्यंत फोडा. तुम्ही काहीच म्हणाला नाहीत. हातोडी उलटी धरलीत आणि माझ्याकडे खडू मागितलात.

सकाळभर तुम्ही दांड्याने भिंत वाजवत होतात, वीतभर सरकायचं, पुन्हा ठोकायचं. मला आधी सगळं सारखंच ऐकू येत होतं. मग तुम्ही माझा हात धरून दांडा माझ्याकडे दिलात. एका जागी टणक, बंद आवाज. हातभर बाजूला तोच दांडा मारला, तर रिकाम्या डब्यावर मारल्यासारखा. आत गिलावा चिऱ्यापासून सुटलेला होता आणि केवळ शेजारच्या आधाराने उभा होता. जेवणाच्या वेळेपर्यंत भिंतीवर खडूची वर्तुळंच वर्तुळं झाली.

मग तांब्याभर पाणी फेकलंत. रंग जिथे शाबूत होता तिथून ते अळवाच्या पानावरून घरंगळावं तसं खाली आलं; पापुद्रे सुटले होते तिथे भिंतीने पिऊन टाकलं. "जी भिंत पाणी पीत नाही ती सिमेंट धरत नाही," एवढंच म्हणालात. आणि मग तो हिशेब: नवा गिलावा चौरस फुटाला चार किलोच्या आसपास, भिंत तीनशे फूट. "टनभर माल रंगाच्या पापुद्र्यावर टांगायचा काय?"

खरं सांगते, तेव्हा मला वाटलं होतं की काम वाढवताय. नंतर कळलं, कमी करत होतात. वर्तुळांतला, म्हणजे जेमतेम तिसरा हिस्सा तेवढा फोडलात. घट्ट होता तो बाबांचा गिलावा ठेवलात, पण त्याच्यावरचा रंग तारेच्या ब्रशने खरवडून, शेवाळ घासून धुऊन, छन्नीने पकडीसाठी टाचे (बारीक खाचा) मारून. बारा दिवस घरभर धूळ होती. कामाचा निम्मा वेळ गिलावा लावण्याआधीच संपला, हे मी आता सगळ्यांना सांगते.

पुढचंही विसरले नाही. वाळूची चिमूट जिभेवर ठेवून थुंकलात आणि अख्खा टेम्पो परत पाठवलात, खाडीची खारट वाळू होती म्हणून. लिंटेलचं, म्हणजे खिडकीवरच्या आडव्या पट्टीचं काँक्रीट आणि चिरा जिथे भेटतात, तिथे कोंबडीची जाळी ठोकलीत. सिमेंट आणि जाड वाळूचा पातळ माल थापीने भिंतीवर झोडपलात, तो माझ्या वाळत घातलेल्या साड्यांवरही उडाला (त्याचे आभार नाहीत). मी म्हटलं, गिलाव्याला एकास चार (एक भाग सिमेंट, चार भाग वाळू) कशाला, सिमेंट वाढवा, पैसे देते. तुम्ही हसलात. "चिरा मऊ. वर पत्र्यासारखा थर बसवला, तर तो सुकताना आकसेल आणि खालचं घेऊन सालासारखा सुटेल." पहिला थर पंधरा मिलिमीटरचा, त्यावर ओल्यातच रेघा ओढून ठेवल्यात. तो दोन दिवस ओला ठेवून मगच वरचा सातआठ मिलिमीटरचा. नंतर गोणपाट टांगून चौदा दिवस पाणी मारायचं काम मात्र माझ्या गळ्यात घातलंत. माघात दुपारच्या उन्हात पाइप धरून उभी राहिले, तेव्हा तुमच्या नावाने काय काय बोलले असेन!

आषाढात सलग सहा दिवस झड लागली. वारा तोच, थेट समुद्रावरून. सातव्या दिवशी कपाट पुढे ओढून मागे हात फिरवला. भिंत गार होती, ओली नव्हती.

आता एक सांगायचं राहिलं. काल मी पूर्वेची भिंत वाजवली. तुळशीमागे दोन आणि न्हाणीच्या खिडकीखाली एक, अशी तीन वर्तुळं खडूने काढून ठेवली आहेत. तिसऱ्याबद्दल माझी खात्री नाही. दिवाळीनंतर सवडीने या आणि ऐकून सांगा.

तुमची,
समुद्राकडच्या भिंतीवाली