ओर्सेतलं चित्र आणि आपला माळ

पॅरिस

ती. आई-बाबा,
सा. न.

रविवारी ओर्सेच्या संग्रहालयात गेले होते. पूर्वी ते रेल्वे स्टेशन होतं. बाबा, तुम्ही नुसतं छत बघण्यात अर्धा तास घालवला असता. मी मात्र एका तैलचित्रापाशी थांबले ती हललेच नाही. ग्युस्ताव गियोमे या फ्रेंच चित्रकाराचं 'सहारातली सायंप्रार्थना', १८६३ सालचं.

वाळवंटात भटक्या अरबांचा तळ पडलाय. दिवस मावळतोय, तंबूंपाशी धूर चढतोय आणि माणसं नमाज पढतायत. बघता बघता मला आपला माळ दिसायला लागला. दिवाळीनंतर धनगरांचा वाडा यायचा, बाबा मेंढरं रानात बसवून घ्यायचे, तेव्हाच्या संध्याकाळी अशाच धुराच्या असायच्या.

हा गियोमे १८६२ मध्ये इटलीला जायला निघाला होता. मार्सेलला बेत बदलला आणि अल्जीरियाची बोट धरली. तिथं हिवतापानं आजारी पडून बिस्क्राच्या लष्करी इस्पितळात राहिला. लष्करी, कारण तो मुलूख फ्रान्सनं १८३० पासून बळकवायला घेतलेला. तरीही तो पुन्हा पुन्हा तिकडे जात राहिला. त्या काळी कित्येक युरोपीय चित्रकार पूर्वेकडे पाऊलही न टाकता जनानखाने रंगवायचे, म्हणून मला याचं मोल वाटतं.

पण एक गोष्ट सलली. या चित्रात मला संध्याकाळ जास्त दिसली, माणसं कमी. ज्या तंबूंपाशी ती प्रार्थना चाललीय, त्यांचं कापड बायकांनी विणलेलं असतं. शेळीचे, उंटाचे केस कातायचे, लांब पट्ट्या विणायच्या, त्या एकमेकींना शिवायच्या. पावसात केस फुगतात नि वीण घट्ट होते, आपल्या घोंगडीसारखीच. पुढं गियोमेनं बू-सादा गावातल्या विणणाऱ्या बायकाही रंगवल्या. तेही चित्र ओर्सेचंच. वीसेक वर्षांनी का होईना, तो घराच्या आत पोचला.

आई, तू पहिल्याच दिवशी पोचायचीस. आम्ही पोरं ओसरीवरून घोडी, कोंबड्या, पिल्लं बघत बसायचो आणि तू ताकाची कळशी घेऊन सरळ वाड्यावर जायचीस. एक धनगरीण लेकराला झोळीत टाकून तुझ्याशी बोलत बसायची. तिच्या हातावरचं गोंदण मला अजून आठवतं. नाव मात्र मी कधी विचारलंच नाही. तुला ते नक्की ठाऊक असेल. रविवारी फोनवर सांग, मी लिहून ठेवते. ती अजून येते का, लेकराचं काय झालं, तेही सांग.

बाबा, चित्राची मोठी छापील प्रत पोस्टानं पाठवतेय. डोळ्यांत थेंब घालायचे चुकवू नका, आणि ती दुपारच्या उजेडात, ओसरीवर बसून बघा.

तुमची,
धाकटी