वेळापत्रक बदला, पण तिकीट काढायच्या आधी सांगा

माननीय रेल्वेमंत्री महोदय,

सप्रेम नमस्कार.

रेल्वेचं पुढचं वेळापत्रक कागदावर आकार घेत असेल, म्हणून ते पक्कं होण्याआधीच हे पत्र लिहितो आहे. एकदा छापून झालं की आमच्यासारख्यांच्या म्हणण्याला जागा उरत नाही.

नवं वेळापत्रक लागू होऊन चार-पाच दिवस झाले असतील. एका लहान स्टेशनावर पहाटे मी माझ्या गाडीची वाट बघत बसलो होतो. साडेपाचच्या सुमारास एक आजी-आजोबा रिक्षातून उतरले. आजींच्या हातात कापडी पिशवी, आजोबांच्या डोक्याला मफलर. लेकीच्या बाळंतपणाला मुंबईला निघालेले. पाच चाळीसची गाडी म्हणून दहा मिनिटं आधीच पोचले होते. गाडी मात्र पाच पंधरालाच निघून गेली होती. आजोबांनी तिकिटाचा कागद खिडकीच्या कडेवर ठेवला, हाताने त्याची घडी सपाट केली आणि आतल्या माणसाला विचारलं, "साहेब, ह्यात पाच चाळीसच लिहिलंय ना?" तो म्हणाला, "हो आजोबा, पण एक तारखेपासून वेळ बदलली. मेसेज आला असेल." मेसेज गेला होता, पण ज्या दुकानातून तिकीट काढलं त्या दुकानदाराच्या नंबरवर. आतल्या माणसाने बाहेर येऊन आजींना बसायला स्वतःची खुर्ची दिली. त्याच्या हातात तेवढंच होतं.

त्या आजोबांचं कुठे चुकलं, याचा मी बराच विचार केला. तिकीट खरं होतं, ते वेळेवर आले होते, कागदावर छापलेली वेळ त्यांनी नीट वाचली होती.

१ नोव्हेंबर २०२४पासून आरक्षण ६० दिवस आधी खुलं होतं. म्हणजे वेळापत्रक बदलणार त्या दिवसाची तिकिटं दोन महिने आधीपासून विकली जातात. मग नव्या वेळा त्याच्याही आधी जाहीर व्हायला हव्यात. वेळापत्रक अगदी तोंडावर जाहीर झालं, तर तोवर विकलेल्या कितीतरी तिकिटांवर जुनी वेळ असते. माझी मुख्य मागणी एवढीच आहे: ज्या दिवसाचं आरक्षण खुलं होईल, त्या दिवसाची वेळ तोपर्यंत पक्की झालेली असावी. संगणकावर आरक्षण देणाऱ्या रेल्वेला हे अशक्य नाही.

वेळापत्रकाची तारीखही आता लक्षात राहत नाही. २०१९ साली ते १ जुलैला लागू झालं. २०२२ आणि २०२३ला १ ऑक्टोबरला, आणि नंतर थेट १ जानेवारी २०२५ला. पूर्वी जुलै आला की लोक आपसूक विचारायचे, "गाडीची वेळ बदलली का हो?" ती सवय मोडली. कोणतीही तारीख धरा, पण एकच धरा.

बदल का आणि कधी होणार हे आधी कळलं की लोक तो समजून घेतात, याचा दाखला आमच्या कोकणातच आहे. २२ जून २००३च्या रात्री वैभववाडीजवळ दरड कोसळून कारवारहून मुंबईला येणारी गाडी घसरली आणि पन्नासहून अधिक माणसं गेली. पुढच्याच वर्षी १६ जूनला करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्सप्रेसला अपघात झाला, तोही रुळांवर आलेल्या दगडांमुळे. आज कोकण रेल्वेवर पावसाळ्यात गाड्या मुद्दाम हळू चालवतात आणि त्यासाठी वेगळं पावसाळी वेळापत्रक असतं. २०२४ला ते १० जून ते ३१ ऑक्टोबर होतं, २०२५ला १५ जून ते २० ऑक्टोबर. प्रवास लांबतो, मुंबई-मडगाव वंदे भारत आठवड्यातून सहाऐवजी तीनच दिवस धावते. तरी कोकणातला माणूस त्यावर फारसा चिडत नाही. वेळ का बदलली हे त्याला ठाऊक आहे आणि कधी बदलणार हेही. जून जवळ आला की चाकरमानी एकमेकांना फोन करून सांगतात, "पावसाळी टायमिंग लागतंय बरं का!"

इतर बदलांमागेही कारणं असतात, हे मी जाणतो. एकेरी मार्गावर एक गाडी दहा मिनिटांनी सरकली की समोरून येणाऱ्या गाडीशी तिचं क्रॉसिंग दुसऱ्या स्टेशनात जातं आणि समोरच्या गाडीला लूपवर, म्हणजे बाजूच्या रुळावर, उभं राहावं लागतं. नवी गाडी घालायची तर जुन्यांना सरकावंच लागतं, रुळांच्या दुरुस्तीला ब्लॉक द्यावाच लागतो. हे सगळं मान्य. पण तेच कारण एका ओळीत आम्हालाही सांगा ना. "दुरुस्तीच्या ब्लॉकसाठी ही गाडी पंचवीस मिनिटं अलीकडे आणली आहे" एवढं वाचलं तरी माणूस समजून घेतो.

सर्वांत जास्त जपायला हवं ते मध्यरात्रीच्या आसपासच्या गाड्यांना. समजा, रात्री ११.५०ची गाडी १२.०५ची झाली. बदल पंधरा मिनिटांचा, पण गाडीची तारीखच बदलली. वर्षानुवर्षं त्या गाडीने जाणारा माणूस "चौदा तारखेची रात्र" म्हणून चौदाचंच तिकीट काढतो. चौदाची गाडी तर तेरा तारखेची रात्र संपता संपताच गेलेली असते. तो पूर्ण एक दिवस उशिरा पोचतो, तेही कन्फर्म तिकीट हातात घेऊन. अशी प्रत्येक गाडी हुडकून तिच्या आरक्षणाच्या पानावर आणि खिडकीवर ठळक सूचना लावा. खिडकीवरच्या माणसाने तिकीट देताना तोंडानेही विचारावं, "नक्की कोणती रात्र?"

आणि जनरलच्या डब्यातून जाणाऱ्यांना तर मेसेजही येत नाही. रेल्वेच्या १३९ या चौकशीच्या नंबरवर विचारता येतं, पण वेळ बदलली आहे अशी शंका आली तरच माणूस विचारणार. त्याचा उपाय साधा आहे. प्रत्येक स्टेशनासाठी एक पान छापा आणि त्यावर फक्त बदललेल्या गाड्या द्या: गाडीचं नाव, जुनी वेळ, नवी वेळ. अख्खं वेळापत्रक पुन्हा चिकटवलं तर शंभर ओळींतून आपली ओळ शोधायची आणि जुनी वेळ आठवून ताडून बघायची, हे चष्मा विसरून आलेल्या म्हाताऱ्या माणसाला कसं जमावं? पान मराठीत असावं, अक्षर मोठं असावं, आणि महिनाभर आधी ते तिकीट खिडकीशी, पाण्याच्या नळाशी आणि एसटी स्टँडवरही लागावं.

एसटीचा उल्लेख मुद्दाम केला. लहान स्टेशनावर उतरणाऱ्याचा प्रवास गावच्या गाडीत संपतो. रात्रीची शेवटची एसटी रेल्वेगाडीची वेळ बघून सुटत असेल आणि रेल्वेगाडी वीस मिनिटं उशिराची झाली, तर माणसं रात्रभर स्टेशनात. मिरजेसारख्या जंक्शनवर पुणे, कोल्हापूर, बेळगाव आणि कुर्डुवाडी अशा चार दिशांच्या गाड्या एकमेकींना धरून असतात. एकीची वेळ हलवताना तिच्यातून उतरून दुसरीत चढणाऱ्यांचा विचार आधी व्हावा, आणि एसटी महामंडळाला नव्या वेळा प्रवाशांच्याही आधी कळाव्यात.

शेवटचं, पैशांचं. गाडी तीन तासांहून जास्त उशिरा असेल आणि प्रवास केला नाही, तर पूर्ण परतावा मिळण्याचा नियम आहे. ज्याच्या तिकिटावर जुनी वेळ छापली आहे आणि त्यामुळेच ज्याची गाडी चुकली, त्यालाही त्याच खिडकीवर, अर्जफाट्याशिवाय पूर्ण पैसे मिळावेत किंवा पुढच्या गाडीत जागा मिळावी. त्या दिवशी आजोबांना पुढच्या पॅसेंजरची जनरलची तिकिटं काढावी लागली. ती गाडी यायला दोन तास होते. आजी खुर्चीत बसून लेकीला फोन लावत होत्या आणि रेंज येत नव्हती.

आपला नम्र,
एक नेहमीचा प्रवासी