अपघाताच्या दाव्यावरची सहा महिन्यांची मुदत काढून टाका

मा. केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री यांस,

स. न. वि. वि.

मी वकिलांकडे कारकुनी करतो. मोटार अपघाताच्या दाव्यांसाठी एफआयआर, पंचनामे, शवविच्छेदनाचे (पीएम) रिपोर्ट यांच्या नकला मिळवायच्या, त्या क्रमाने लावून फाईल बांधायची, हे माझे रोजचे काम. आयुष्यातल्या सगळ्यात वाईट दिवसांत माणसे आमच्या ऑफिसात येतात आणि वकीलसाहेब कोर्टात असले की आधी माझ्यासमोर बसतात. पूर्वी मी त्यांना विचारायचो, घरात मागे कोण कोण आहे? आता आधी अपघाताची तारीख विचारतो आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघतो.

कारण आपल्याला ठाऊक आहेच. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली आणि कलम १६६ मध्ये पोटकलम ३ आले. अपघात घडल्यापासून सहा महिन्यांच्या आत केला नसेल तर नुकसानभरपाईचा अर्ज दाखलच करून घ्यायचा नाही, असे ते सांगते. १ एप्रिल २०२२ पासून ते लागू आहे. ते पोटकलम काढून टाकावे, एवढ्याच मागणीसाठी हे पत्र.

दोन वर्षांपूर्वी एक बाई दिराला घेऊन आल्या. नवरा मोटारसायकलवरून कामावरून परतताना मागून टेम्पोने उडवले होते. डोक्याला मार लागला. आधी आयसीयू, मग जनरल वॉर्ड, मग नाकात नळी घालून घरी. माणूस शुद्धीवर आलाच नाही. सातव्या महिन्यात गेला. बाईंनी मांडीवरची साडीच्या दुकानाची जाड पिशवी टेबलावर रिकामी केली. औषधांची बिले, सीटी स्कॅनची पाकिटे, रक्तपेढीच्या पावत्या आणि सगळ्यात खाली एफआयआरची झेरॉक्स, घडीवर फाटत आलेली. बिले त्यांनी तारीखवार टाचणीने लावली होती, एकही कागद इकडचा तिकडे नव्हता. मी एफआयआरवरची तारीख वाचली, मग मृत्यूच्या दाखल्यावरची. नवरा जाऊन एकवीस दिवस झाले होते. अपघाताला सात महिने उलटले होते.

"आधी का नाही आलात?" माझ्या तोंडून निघून गेले. त्याची मला अजून लाज वाटते. बाई म्हणाल्या, "ते उठतील म्हणून उशाशी बसले होते ना. कोर्टात कशी येणार?"

जखमी म्हणून त्यांच्या नवऱ्याचा दावा मुदतीत टाकता आला असता, हे मला कळते आणि आपल्या खात्यातल्या अधिकाऱ्यांनाही कळते. पण ते त्या बाईंना कोण सांगणार होते? दवाखान्यात डिपॉझिट मागतात, पोलीस ठाण्यात जबाब मागतात. दावा करायचा असतो आणि त्याला मुदत असते, हे कुणीच सांगत नाही. शिवाय मुदत मोजायची ती अपघाताच्या तारखेपासून, मृत्यूच्या नव्हे. म्हणजे त्या विधवा होण्याआधीच विधवा म्हणून दावा करण्याची त्यांची मुदत संपली होती. असा हिशेब दुसऱ्या कुठल्या कायद्यात माझ्या पाहण्यात नाही.

उलट, इंग्रजांच्या काळातला १८५५ चा प्राणांतिक अपघात कायदा बघा. १९६३ च्या मुदत कायद्यात त्याखालच्या दाव्याला दोन वर्षे दिली आहेत आणि तीही मृत्यूच्या तारखेपासून. हातउसने दिलेले पैसे वसूल करायला तीन वर्षे मिळतात. घरातला कमावता माणूस रस्त्यावरच्या अपघातात गेला तर सहा महिने. बरे, मग दिवाणी कोर्टात जावे, तर जिथे मोटार अपघात दावा प्राधिकरण, म्हणजे हेच दावे चालवणारे न्यायपीठ आहे, तिथे कलम १७५ ते दारही बंद करते.

ही मुदत पूर्वीही होती आणि संसदेनेच ती काढली होती. १९८८ च्या मूळ कायद्यात सहा महिने होते, पण पुरेसे कारण दाखवले तर बारा महिन्यांपर्यंत अर्ज घेता येत असे. त्यानेही लोक बुडतात हे लक्षात आल्यावर १९९४ च्या दुरुस्तीने मुदतच रद्द झाली. १९९६ मध्ये धन्नालाल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नेमके हेच म्हटले, की वारसांवर होणारा घोर अन्याय जाणवल्यामुळे संसदेने हे केले. पुढे सत्तावीस वर्षे मुदत नव्हती. २०१९ मध्ये सहा महिने परत आणले, पण उशीर माफ करण्याची जी सोय १९८८ मध्ये होती ती मात्र आणली नाही.

सहा महिन्यांत काय काय व्हावे लागते तेही सांगतो, कारण ते मी पायांनी मोजले आहे. पुष्कळदा एफआयआर मेलेल्या माणसावरच नोंदलेला असतो, कारण बोलायला जिवंत राहिलेला ड्रायव्हर एकटाच असतो. तो तपास दुरुस्त व्हायला महिने लागतात. व्हिसेरा, म्हणजे मृताच्या अवयवांचे नमुने, तपासणीसाठी राखून ठेवला असेल तर मृत्यूचे पक्के कारण रासायनिक अहवालाशिवाय मिळत नाही. ट्रक परराज्यातला असला की मालक कोण, पॉलिसी कुणाची, अपघाताच्या दिवशी चालू होती का, हे शोधण्यात आणखी दिवस जातात. आणि हे सगळे करणारी व्यक्ती बहुतेक वेळा अशी असते, की जिने याआधी एकटीने बँकेतही पाऊल टाकलेले नसते.

ऊसतोड कामगारांचे तर विचारूच नका. दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात, रात्री ट्रॅक्टर-ट्रॉलीचे अपघात होतात. कोयत्याच्या जोडीतला, म्हणजे ऊस तोडणाऱ्या नवरा-बायकोतला, एक जण गेला तरी उचल, म्हणजे मुकादमाकडून आगाऊ घेतलेले पैसे, फिटलेली नसते, म्हणून मागे राहिलेली बाई हंगाम संपेपर्यंत फडातच राबते. कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की गावी येते, पोरांना आजीकडून घेते, मग कुणीतरी तिला वकिलाकडे पाठवते. तोवर सहा महिने कुठे उरतात?

आपले अधिकारी म्हणतील, नव्या नियमांत पोलिसांनीच सगळे करायचे आहे. बरोबर आहे. ४८ तासांत प्रथम अपघात अहवाल, ५० दिवसांत अंतरिम अहवाल, ९० दिवसांत सविस्तर अहवाल प्राधिकरणाकडे गेला पाहिजे आणि कलम १६६ (४) प्रमाणे तो अहवाल हाच अर्ज समजायचा आहे. ही तरतूद मनापासून चांगली आहे. डिसेंबर २०२२ मध्ये गोहर मोहम्मद प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने यासाठी पोलिसांत स्वतंत्र पथके नेमायला सांगितले, तेही योग्यच. पण ज्या फायली माझ्या हातून गेल्या, त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी ९० दिवसांचा अहवाल ९० दिवसांत आलेला नव्हता. पोलिसांना उशीर झाला तर अहवाल उशिरा येतो, इतकेच. बाईंना उशीर झाला तर दावा जातो.

दुसरे कारण खोट्या दाव्यांचे सांगतात. खोटे दावे होतात, मी ते नाकारणार नाही. घसरून पडलेल्या माणसाच्या केसमध्ये नंतर भलतीच विमा असलेली गाडी लावण्याचे प्रकार घडतात आणि त्यांचा प्रामाणिक लोकांना आमच्यापेक्षा जास्त त्रास होतो. पण असले दावे लावणाऱ्यांना कायदा तोंडपाठ असतो. ते चौथ्या महिन्यातच फाईल टाकतात. मुदतीच्या जाळ्यात सापडतात ते ज्यांना मुदत असते हेच माहीत नव्हते ते. खोटेपणा उलटतपासात आणि पंचनाम्यात पकडावा लागतो.

नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेश दिला, की या पोटकलमाच्या वैधतेचा निकाल लागेपर्यंत मुदत गेली म्हणून दावे फेटाळू नयेत. त्या बातमीने आमच्या ऑफिसात किती जणांचा जीव भांड्यात पडला ते मी पाहिले. पण आदेश अंतरिम आहे. उद्या निकाल काहीही लागू शकतो, आणि कायद्याच्या पुस्तकात ती ओळ अजून तशीच छापलेली आहे. "मुदत संपली" असे २०२३ मध्ये ऐकून जे घरी परतले, ते पुन्हा आलेले नाहीत. त्यांची नावे कुठल्याच रजिस्टरला नाहीत, कारण दावा दाखलच झाला नाही. एकट्या २०२३ या वर्षात देशात १ लाख ७२ हजारांहून अधिक माणसे रस्त्यावरच्या अपघातांत गेली, हा आकडा आपल्याच मंत्रालयाचा आहे. त्यांतल्या किती घरांनी सहा महिने नकळत घालवले, हे मोजायला कुणाकडे साधन नाही.

म्हणून न्यायालयाच्या निकालाची वाट न बघता आपण स्वतः दुरुस्ती विधेयक आणावे. पोटकलम ३ रद्द करावे आणि ते १ एप्रिल २०२२ पासूनच रद्द समजावे, म्हणजे मधल्या काळात परत गेलेल्यांनाही येता येईल. मुदत ठेवायचीच असा सरकारचा आग्रह असेल, तर निदान दोन वर्षे द्या, मृत्यू झाला असेल तर मृत्यूच्या तारखेपासून मोजा आणि खरे कारण असेल तर उशीर माफ करण्याचा अधिकार प्राधिकरणाला द्या. आणि एक काम विधेयकाशिवायही होईल. एफआयआरची प्रत घरच्यांच्या हातात देताना दाव्याची माहिती सांगणारा एक कागद, सोप्या मराठीत, सोबत टाचून द्यायला राज्यांना सांगा. त्या बाईंनी तो नक्की जपून ठेवला असता.

कायद्यात सोय नसली तरी त्यांचा दावा आम्ही उशीरमाफीच्या अर्जासह दाखल केला आहे. विमा कंपनीच्या कैफियतीत, म्हणजे लेखी उत्तरात, पहिलाच मुद्दा मुदतीचा आहे. दर तारखेला बाई अर्धा दिवस मजुरी बुडवून येतात, बाकावर बसतात, आणि पुकारा झाला की ती पिशवी घेऊन उभ्या राहतात.

कळावे,

आपला विश्वासू,
एक वकिली कारकून