जुन्या ड्रममधील शिक्के पुसू नयेत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या ड्रमच्या दुरुस्तीविषयी आलेला लेख मी दोनदा वाचला. अडगळीत पडलेले वाद्य पुन्हा वाजते व्हावे ही त्यामागची तळमळ मनापासून पटली. परंतु ‘शेल आतून पॉलिश पेपरने घासून थिनरने पुसून घ्यावा, म्हणजे लाकूड नव्यासारखे दिसते’ हा त्यातील सल्ला (शेल म्हणजे ड्रमचे पोकळ नळकांडे) कोणी अमलात आणण्यापूर्वी त्याचे परिणाम वाचकांपुढे यावेत, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

जुन्या ड्रमची जन्मनोंद बहुधा त्याच्या पोटात असते. 1960 च्या दशकातील लुडविग या अमेरिकी कंपनीच्या कित्येक ड्रमच्या आतील बाजूस रबरी शिक्क्याने महिना, दिवस आणि साल उमटवलेले आढळते. या कंपनीने बॅजवर, म्हणजे शेलवर बाहेरून लावलेल्या कंपनीच्या नावाच्या बिल्ल्यावर, क्रमांक घालण्यास 1963 च्या अखेरीस सुरुवात केली, त्यामुळे त्याआधीच्या ड्रमचे वय ठरवताना आतला शिक्का आणि आतला रंग यांवरच मुख्यतः भिस्त ठेवावी लागते. त्यानंतरच्या ड्रमबाबतही नुसत्या क्रमांकावर विसंबता येत नाही, कारण कारखान्यात बॅज काटेकोर क्रमाने लावले जात नसत; शिवाय एका ड्रमचा बॅज काढून दुसऱ्यावर बसवणे मुळीच अवघड नाही, शिक्का मात्र लाकडासोबतच राहतो. बास ड्रम आणि दोन्ही टॉम (संचातील त्याहून लहान ड्रम) यांच्या आतल्या तारखा एकमेकींच्या जवळपासच्या निघाल्या, तर तो संच मुळापासून एकत्र असावा असे बऱ्याच विश्वासाने म्हणता येते. ग्रेच कंपनीच्या ड्रमना आतून चंदेरी रंग दिलेला असे आणि अनेकांत कागदी लेबल चिकटवलेले असे. तो रंग जुनाट दिसतो म्हणून खरवडून काढणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांच्या हातून ड्रमची ओळखच खरवडली गेली, असे मला खेदाने म्हणावे लागते.

ही चूक माझ्या हातूनही झालेली आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी चौदा इंच व्यासाचा एक जुना स्नेअर ड्रम (खालच्या बाजूस तारा लावलेला ड्रम) माझ्याकडे आला. आत तंबाखूच्या धुराचा पिवळट थर साचला होता आणि वासही सुटला होता. मी फडक्यावर स्पिरिट घेतले आणि भराभर पुसू लागलो. फडके एकदम गुलाबी झाले तेव्हा थांबलो. आत टॉर्च मारून पाहिले, तर लाल शाईचा एक ओघळ आणि त्याच्या टोकाला अर्धवट उरलेला सहाचा आकडा एवढेच दिसत होते. महिना गेला, दिवस गेला, साल गेले. तो ड्रम आजही उत्तम वाजतो, पण तो कोणत्या वर्षीचा असे कोणी विचारले की मला खात्रीने उत्तर देता येत नाही, आणि हे आता कधीच दुरुस्त होणार नाही.

म्हणून आतल्या बाजूला ओला हात लावूच नये, असे माझे ठाम मत आहे. प्रथम छायाचित्रे घ्यावीत, आणि तीही टॉर्च तिरका धरून, कारण समोरून प्रकाश टाकल्यावर न दिसणारी फिकट शाई किंवा पेन्सिलीची रेघ तिरक्या प्रकाशात उठून दिसते. मग मऊ कोरड्या ब्रशने धूळ सोडवावी आणि नळीच्या तोंडाला जाळीचे कापड बांधून व्हॅक्यूमने ती दुरूनच ओढून घ्यावी. शिक्क्याभोवती बोटभर जागा तशीच सोडावी. ती थोडी मळकट राहिली तर बिघडत नाही. शिक्का टिकावा म्हणून त्यावर लॅकर मारण्याचा मोहही टाळावा, कारण लॅकरमधील द्रावकानेच शाई पसरण्याचा धोका असतो. कागदी लेबलाचा कोपरा सुटला असेल तर सेलोटेप लावू नये. तिचा गोंद काही वर्षांत पिवळा पडून कागदात मुरतो. गव्हाच्या स्टार्चची पातळ खळ टोकदार ब्रशने आत सारून वरून कोरडा कागद ठेवून दाबावे. ही खळ पुढे कधी पाण्याने सोडवता येते, म्हणून जुने कागद जपणारे लोकही तीच वापरतात.

बॅजविषयी स्वतंत्र सांगावेसे वाटते. तो बहुधा एका लहान पोकळ रिव्हेटने बसवलेला असतो आणि त्याच भोकातून शेलमधली हवा बाहेर येते. ते रिव्हेट काढताना हमखास फाटते, आणि नवे बसवले की बॅज मुळातला आहे की नंतर लावलेला, अशी शंका कायमची मागे लागते. त्यामुळे बॅज जागेवर ठेवूनच कापसाच्या काडीने त्याच्या कडा साफ कराव्यात. उठावाच्या अक्षरांमधला काळा किंवा रंगीत भरणा पॉलिशने निघून जातो, हेही ध्यानात ठेवावे.

बाहेरचे आवरण सेल्युलॉइडचे असेल तर थिनर, अॅसिटोन आणि स्पिरिट पूर्ण वर्ज्य समजावेत. कोमट पाण्यात सौम्य साबणाचे दोन थेंब टाकून, घट्ट पिळलेल्या कापडाने पुसावे आणि सांध्यात पाणी शिरू देऊ नये. आवरण सोडवण्यासाठी हीट गन वापरण्याचा सल्ला काही जण देतात. जुनी आवरणे नायट्रेट सेल्युलॉइडची असू शकतात आणि ते झटकन पेट घेते, त्यामुळे हा सल्ला धोक्याचा आहे. पांढऱ्या मोतिया आवरणाचा पिवळेपणा मात्र घासून जात नाही. असा ड्रम उघडताना एक लग (ड्रमचा पडदा ताणणारे स्क्रू ज्यात बसतात तो शेलवरचा धातूचा भाग) काढून त्याखालची जागा अवश्य पाहावी: भोवताली तुपकट पिवळा रंग आणि मध्ये लगच्या आकाराचा शुभ्र मोतिया ठसा, म्हणजे ड्रम कारखान्यातून निघाला त्या दिवशीचा रंग! हा ठसाही एक खूणच आहे. लग मुळातलेच असल्याचा तो मोठा पुरावा असतो, म्हणून प्रत्येक लग काढलेल्याच जागी परत बसवावा.

धातूच्या भागांत एकच उपाय सर्वांना लागू पडत नाही. क्रोमच्या पोलादी रिमवरचा (पडदा धरून ठेवणाऱ्या कड्यावरचा) वरवरचा गंज ओल्या अॅल्युमिनियम फॉइलने हलके घासून निघतो, कारण फॉइल क्रोमपेक्षा मऊ असते. 1920 च्या दशकातील भागांवर बहुधा निकेलचा मुलामा असतो. तो पातळ असल्याने ब्रासोसारख्या पॉलिशने वारंवार घासला की खालचे पितळ उघडे पडते. त्याच काळातील लुडविगच्या काळ्या निकेलच्या नक्षीदार स्नेअर ड्रमवर काळा थर कापून पितळ उघडे करूनच नक्षी कोरलेली असे, म्हणजे पॉलिशने काळा थर झिजला की नक्षीही दिसेनाशी झाली. जस्ताच्या ओतीव लगना व्हिनेगरमध्ये भिजत घालू नये. अॅल्युमिनियमच्या शेलवरचे क्रोम फोड येऊन सुटू लागले असेल तर ते थोपवण्याचा घरगुती उपाय नाही. तेथे कोरडे ठेवणे एवढेच आपल्या हाती आहे.

शेलच्या काठाबद्दल थोडेच लिहितो. ज्यावर हेड, म्हणजे वाजवायचा पडदा, टेकते तो काठ मशीनवर नव्याने कापला की मूळ उतार आणि त्याबरोबर त्या कारखान्याचा विशिष्ट नाद जातो. काठ खरोखर वाकडा किंवा फुटलेला असल्याशिवाय, आणि जाणत्या कारागिराने सपाट पृष्ठावर ठेवून पाहिल्याशिवाय, त्याला हात लावू नये.

आपल्या लेखातील घासण्या-पुसण्याविषयीच्या त्या दोन ओळींची दुरुस्ती पुढील रविवारी त्याच जागी ठळकपणे छापावी, ही नम्र विनंती. ज्यांनी लेख वाचून शेल आधीच उघडले असतील त्यांनी काम तूर्त थांबवावे, आत टॉर्च तिरका धरून पाहावे आणि जे दिसेल त्याचे छायाचित्र आजच काढून ठेवावे.

आपला,
एक वाचक आणि ड्रमवादक