इंपॅक्ट फॅक्टर जर्नलचा, गुण प्राध्यापकाला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विद्यापीठ अनुदान आयोगाने फेब्रुवारी २०२५मध्ये ‘यूजीसी-केअर’ ही मान्य जर्नलांची (संशोधन-नियतकालिकांची) यादी बंद केली आणि कोणते जर्नल चांगले हे ठरवण्याचे काम शिक्षणसंस्थांवरच सोपवले. यादीत नाव आहे की नाही एवढे पाहून पूर्वी भागत असे. आता छाननी समितीच्या टेबलावर बहुतेक वेळा इंपॅक्ट फॅक्टर हा एकच आकडा ठेवला जातो. नागपुरात कॅसच्या (प्राध्यापकांच्या पदोन्नती योजनेच्या) फायली तयार करणाऱ्यांनी आणि तपासणाऱ्यांनी हा आकडा कसा निघतो ते एकदा पाहावे, म्हणून हे पत्र.

२०२४चा इंपॅक्ट फॅक्टर म्हणजे त्या जर्नलने २०२२ आणि २०२३मध्ये छापलेल्या मजकुराचे २०२४ या एका वर्षात घेतले गेलेले संदर्भ, भागिले त्या दोन वर्षांतील शोधनिबंध व आढावा लेखांची संख्या. क्लॅरिव्हेट ही कंपनी हा आकडा दरवर्षी जूनमध्ये जाहीर करते. भागाकार सोपा असला तरी अंश आणि छेद एका मापाचे नाहीत. संपादकीये, वाचकांची पत्रे छेदात धरत नाहीत, मात्र त्यांचे कोणी संदर्भ घेतले तर ते अंशात जमा होतात. आणखी एक गोष्ट फार जणांच्या लक्षात येत नाही. २०२४मध्ये निबंध छापून आलेला प्राध्यापक २०२४च्या इंपॅक्ट फॅक्टरवर गुण मागतो, तेव्हा त्याचा स्वतःचा निबंध त्या हिशेबात मुळी नसतोच. तो आकडा आधीच्या दोन वर्षांत तिथे लिहिणाऱ्यांनी कमावलेला असतो.

आता आयोगाच्या २०१८च्या नियमावलीतील तक्ता पाहा. इंपॅक्ट फॅक्टर नसलेल्या परीक्षित (तज्ज्ञांकडून तपासून घेऊन छापणाऱ्या) जर्नलमधील निबंधाला वाढीव ५ गुण, १पेक्षा कमी असेल तर १०, १ ते २ असेल तर १५, २ ते ५ला २०, ५ ते १०ला २५ आणि १०च्या वर ३०. (हा आकडा ‘थॉमसन रॉयटर्स’च्या यादीनुसार घ्यावा असे तिथे लिहिले आहे. त्या कंपनीने हा व्यवसाय २०१६मध्येच विकला होता!) समजा, एका जर्नलने दोन वर्षांत १२० निबंध छापले आणि त्यांना १८० संदर्भ मिळाले. इंपॅक्ट फॅक्टर १.५, म्हणजे १५ गुण. पण त्यातले ९० संदर्भ एकाच आढावा लेखाचे असतील तर उरलेल्या ११९ निबंधांची सरासरी भरते ०.७६, म्हणजे १० गुणांचीच. दुसऱ्याच्या एका लेखामुळे इतरांना प्रत्येकी ५ गुण जास्त मिळाले, आणि त्यांच्यातल्या कित्येकांचा निबंध कोणी उघडूनही पाहिलेला नसेल.

हे कल्पनेतले उदाहरण वाटत असेल तर ‘ॲक्टा क्रिस्टलोग्राफिका ए’ हे स्फटिकशास्त्राचे जर्नल पाहा. जॉर्ज शेल्ड्रिक यांनी २००८मध्ये तिथे शेलएक्स या संगणकप्रणालीवर एक लेख लिहिला. ती प्रणाली वापरणारा जो तो त्याचा संदर्भ देऊ लागला. जर्नलचा इंपॅक्ट फॅक्टर सुमारे २ होता, तो २००९मध्ये ४९.९२६ झाला. लेख दोन वर्षांच्या खिडकीतून बाहेर पडताच, २०११ला तो पुन्हा २च्या आसपास आला.

या दोन वर्षांच्या खिडकीचा फटका आपल्याकडच्या विषयांना जरा जास्तच बसतो. कापूस लागवडीतील अंतरावरचा एक निबंध २०२२च्या डिसेंबरात आला असे धरू. दुसऱ्या कोणी तो वाचून जून २०२३मध्ये प्रयोगाची पेरणी केली. एका हंगामाच्या आकड्यांवर निष्कर्ष काढत नाहीत, म्हणून २०२४चा खरीपही त्यात गेला. वेचणी, विश्लेषण, परीक्षकांचे शेरे हे सगळे धरून त्याचा निबंध लवकरात लवकर २०२५च्या अखेरीस येणार. मूळ निबंध मात्र फक्त २०२३ आणि २०२४च्या हिशेबात होता, म्हणजे हा संदर्भ वायाच गेला. संत्र्याच्या खुंटावरचा प्रयोग तर फळ धरेपर्यंतच काही वर्षे खातो. मराठी संशोधनाचे विचारूच नका. महानुभाव वाङ्मयावरचा लेख विदर्भ साहित्य संघाच्या ‘युगवाणी’त आला आणि पुढे दहा मराठी पुस्तकांत त्याचा आधार घेतला गेला, तरी त्यातले काहीही या मोजणीत दिसत नाही. म्हणूनच वैद्यक आणि गणित यांचे आकडे शेजारी मांडू नयेत. फार तर त्या विषयातील जर्नलांमध्ये ते जर्नल कोणत्या चतुर्थकात (क्रमवारीच्या चार समान भागांपैकी कितव्या भागात) आहे ते पाहावे.

एवढे मान्य करूनही आकडा वापरायचाच असेल, तर निदान तो खरा असावा. जर्नलच्या मुखपृष्ठावर छापलेला इंपॅक्ट फॅक्टर पुरावा म्हणून कधीच घेऊ नये. आयएसएसएनचे (नियतकालिकाच्या नोंदणी क्रमांकाचे) आठ अंक घेऊन क्लॅरिव्हेटच्या ‘मास्टर जर्नल लिस्ट’मध्ये शोधा. विज्ञान, समाजविज्ञान, कला-मानव्य आणि ‘इमर्जिंग सोर्सेस’ या चार सूचींपैकी एकीतही नाव नसेल, तर त्या जर्नलला इंपॅक्ट फॅक्टर असूच शकत नाही. मग त्या शब्दांआधी ‘ग्लोबल’ असो की ‘इंटरनॅशनल’. आणखी एक खूण अशी, की जून २०२३पासून अधिकृत आकडा दशांश चिन्हानंतर एकाच स्थळापर्यंत देतात. त्यानंतरच्या वर्षासाठी कोणी ७.८९३ असे मिरवत असेल तर पाणी मुरते आहे असे समजावे. आयएसएसएन हीसुद्धा दर्जाची मोहोर नव्हे. तो नोंदणी क्रमांक आहे, दिल्लीतील राष्ट्रीय केंद्र तो विनाशुल्क देते.

स्कोपस या दुसऱ्या संदर्भसूचीचा साईटस्कोर इंपॅक्ट फॅक्टरच्या रकान्यात भरणे ही आणखी एक नेहमीची चूक, कधी अजाणता, कधी जाणूनबुजून. साईटस्कोर चार वर्षांच्या मजकुरावर, त्याच चार वर्षांतील संदर्भ मोजून काढतात. साईटस्कोर ३.४ असलेल्या जर्नलचा इंपॅक्ट फॅक्टर १.८ असू शकतो, म्हणजे १५ गुणांऐवजी २० पदरात.

खोट्या संकेतस्थळांचाही धोका आहे. जुन्या जर्नलचे नाव व आयएसएसएन तसेच ठेवून कोणी तिसराच पैसे घेऊन निबंध छापतो. त्यामुळे संकेतस्थळाचा पत्ता उमेदवाराच्या फायलीतून न घेता आयएसएसएन पोर्टलवरून किंवा प्रकाशकाच्या मुख्य पानावरून उघडावा. शिवाय तारीख नोंदवावी. ‘इंटरनॅशनल जर्नल ऑफ एन्व्हायर्नमेंटल रिसर्च अँड पब्लिक हेल्थ’ मार्च २०२३मध्ये आणि ‘केमोस्फिअर’ डिसेंबर २०२४मध्ये वेब ऑफ सायन्स या क्लॅरिव्हेटच्या सूचीसंग्रहातून वगळले गेले. पर्यावरणावर काम करणाऱ्यांना ही दोन्ही नावे चांगलीच ओळखीची. अशा वेळी निबंध कोणत्या तारखेला प्रसिद्ध झाला आणि तेव्हा जर्नल सूचीत होते का, एवढेच विचारणे न्याय्य ठरते. पूर्वी छापलेल्याला आज शिक्षा नको.

आमची सूचना छोटी आहे. अर्जाच्या नमुन्यात ‘जर्नलचा इंपॅक्ट फॅक्टर’ या रकान्याशेजारी आणखी चार रकाने घालावेत: निबंधाचा डीओआय (कायमचा डिजिटल ओळखक्रमांक), प्रसिद्धीच्या दिवशी जर्नल कोणत्या सूचीत होते, निबंधाला स्वतःला मिळालेले संदर्भ (स्वतःचे आणि सहलेखकांचे वगळून), आणि ते कोणत्या स्रोतावर कोणत्या दिवशी मोजले. स्कोपसमध्ये स्वतःचे संदर्भ वगळण्याची सोय आहे. गूगल स्कॉलरवर आकडा बहुतेक वेळा जास्त दिसतो, म्हणून स्रोत लिहिल्याशिवाय तुलना करू नये. मराठी व इतर भारतीय भाषांतील लेखनासाठी ही संख्या मागूच नये, तिथे लेख वाचावा. प्रत्येक उमेदवाराचे त्याने स्वतः निवडलेले तीन निबंध विषयतज्ज्ञांकडे मुलाखतीच्या किमान पंधरा दिवस आधी पाठवले, तर ते वाचायला वेळही मिळेल.

आपले,
ग्रंथालय व माहितीशास्त्राचे काही अभ्यासक, नागपूर