जुन्या देशात परत जाताना

संपादक साहेब, नमस्कार,

आधी जिथे काही वर्षं काढली त्या देशात परत जायचं म्हटलं की लोक लगेच म्हणतात, मग काय टेन्शन, तुला तर सगळं माहितीये! मला हे अजिबात पटत नाही. नवीन देशात माणूस तयारीनं जातो, विचारतो, शिकतो, पण जुन्या देशात तो आठवणीतला देश शोधत फिरतो आणि तिथे तर व्हिसाचे नियम बदललेले, शेजारी निघून गेलेले, मित्र आपापल्या संसारात, भाषा तोंडात येते पण ती पण जरा जुनी झालेली. आनंद होतो, खूप होतो, पण त्याच वेळी पोटात कालवतं.

हे नुसते मनाचे खेळ नाहीत हो. नॉर्वेचे समाजशास्त्रज्ञ लिसगार्ड यांनी १९५५ मध्ये परदेशात राहणाऱ्यांच्या मनाचा चढउतार इंग्रजी यू अक्षरासारखा मांडला, म्हणजे आधी आनंद, मग खचणं, मग पुन्हा सावरणं, पुढे १९६३ मध्ये गलाहॉर्न या अभ्यासक पतीपत्नींनी मायदेशी परतल्यावरचा धक्का त्यात जोडला आणि त्याचा डब्ल्यू झाला. पण जिथे परके म्हणून राहिलो तिथेच पुन्हा जाणाऱ्यांचं काय, यावर बोललं पाहिजे ना.

मुलांचं तर फारच अवघड. लहानपण तिथलं, पासपोर्ट इथला, तू मूळचा कुठला विचारलं की गप्प होतात. त्यांना रडू द्या, होईल सवय म्हणून दाबू नका. आणि शक्य असेल तर आधी थोडे दिवस जाऊन या, मगच इथलं घर गुंडाळायला घ्या.

- एक वाचक